ओली हळद

सूज ह्या विषयावर माझ्या वन्संइतकं प्रेम करणारं माणूस सबंध बडोद्यात झालं नाही आणि होणारही नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, राहायच्या आमच्यातच, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होत्या. कुणाचा पाय मुरगळला की आपण 'अरेरे' म्हणतो, वन्सं "बघू, बघू!" म्हणत चष्मा पुसायला घ्यायच्या. शेजारच्या जिग्नाबेनची अक्कलदाढ सुजली तेव्हा ह्या त्यांच्या गालाकडे पाहत म्हणाल्या, "केटलो सरस सोजो! किती छान सूज! आत नुसती धावपळ चालली असेल!" जिग्नाबेननी पुढे आठवडाभर आमच्या बाजूची खिडकी उघडली नाही.

धावपळ असायची ती पेशींची. शरीरात पहारेकरी पेशी असतात, जंतू आला की त्या खवळतात, पण जंतू गेल्यावरही काहींचा राग उतरत नाही आणि मग माणसाचे सांधे धरतात, हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पोळ्या लाटता लाटता सांगितलं. झाडपाल्यातलं नेमकं काय हा राग उतरवतं, ते त्यांना शोधायचं होतं. बशीत उंदराच्या पेशी ठेवायच्या, त्यांना मुद्दाम चिडवायचं, वनस्पतीचा अर्क घालायचा आणि शेवटी एक रसायन टाकून रंग पाहायचा. गडद गुलाबी म्हणजे राग कायम, फिकट म्हणजे शांत. त्यामुळे मी गुलाबी साडी नेसले की त्या विचारायच्या, "आज राग कुणावर गं?" गावात केबल आली, घरोघरी नवनवी यंत्रं आली, आमच्याकडे मात्र मिक्सरच दोन, एक चटणीचा आणि एक अर्कांचा. त्यांची अदलाबदल एकदाच झाली. त्या दिवशीची कडुलिंबाची कढी आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने प्यायली.

चाळिशी उलटल्यावर वन्संनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, ओली हळद. प्रबंध होत आला त्या वर्षी जूनमध्ये लेक्चररची जागा निघणार होती, तिच्यासाठी प्रबंध त्याआधी जायला हवा होता, आणि वयाच्या अटीमुळे ती त्यांची शेवटची संधी होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. प्रबंध देण्याआधी तीन वेगळ्या ढिगांतल्या हळदीवर तोच प्रयोग तीनदा जुळायला हवा, एवढंच मला कळत होतं. दोनदा जुळला. तिसरी हळद आणायचं माझ्याकडे आलं, कारण वन्सं पेशींना सोडून हलायला तयार नव्हत्या. होळी तोंडावर आलेली, ओल्या हळदीचा हंगाम सरत आलेला. मी मूळची नाशिकची, गुजराती जेमतेम. खंडेराव मार्केटात एका काठियावाडी बाईंपुढे मातीने माखलेले दोन ढीग होते. मी म्हटलं, "ओली हळद आपो." त्यांच्या बोलीत 'ओली' म्हणजे 'ती, पलीकडची'. त्यांनी पलीकडच्या ढिगावर हात ठेवून विचारलं, "ओली?" मी ठासून म्हटलं, "हा, हा, ओली ज!"

वन्संनी कापली तर आत पांढरी फटक. आंबेहळद! मी तशीच रिक्षाने परत गेले, तर पिवळा ढीग संपलेला. सगळा बाजार पालथा घातला, कुठे बोटभर मिळाली नाही. त्यांचे सर म्हणाले, "जुनाच अर्क वापरा आणि तिसरा म्हणून लिहा. कोण बघायला येतंय?" वन्सं म्हणाल्या, "सर, पेशी बघतायत ना!" आणि चिडवलेल्या पेशी बिचाऱ्या तशाच कशा ठेवायच्या, म्हणून त्यांनी त्यांना आंबेहळदीचा अर्क पाजला. तिसऱ्या दिवशी भरदुपारी मोपेड फाटकावर आपटली आणि पांढरा कोट घातलेल्या वन्सं थेट स्वयंपाकघरात. "फिक्की पडली गं! अगदी फिक्की!" माझे दोन्ही हात धरून त्यांनी गरब्याच्या तीन फेऱ्या घातल्या. दूध उतू गेलं, तेही त्यांना दिसलं नाही.

प्रबंध पुढच्या हिवाळ्यात नवी हळद आल्यावर, तिसरा प्रयोग जुळवून गेला, आंबेहळदीचं एक प्रकरण वाढवून. पदवी मिळाली, जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. वन्सं डॉक्टर झाल्या आणि डेमॉन्स्ट्रेटरच राहिल्या. ह्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना नवऱ्याच्या तोंडून वयाच्या अटीचं निघालं. मी उठून त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "वन्सं, माझ्या एका शब्दापायी तुमची जागा गेली."

 त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं होतं गं. खोटं कशाला बोलू? पण जागा जिला मिळाली ती मुलगी छान शिकवते. तिच्या वर्गाच्या बशा-नळ्या मीच तर मांडते. आणि आंबेहळदीचा तास असला की ती खाली बसते, खडू माझ्या हातात देते."

"वर्षातून किती वेळा असतो तो तास?"

"एकदा, होळीच्या सुमारास," वन्सं म्हणाल्या, आणि डोळे चमकवत, हात हलवत, त्या एका तासाची तयारी त्या दिवाळीपासूनच कशी सुरू करतात ते मला सांगू लागल्या.