गरम गोळीवर दूध

नामांतराच्या गडबडीचा पावसाळा होता. मला ताप धरला आणि श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. आमच्या मालकांनी पालमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पिवळ्या-तांबड्या गोळ्या दिल्या. आठवड्यात उतार पडेल म्हणाले.

औषध गरम पडतं, त्यावर दूध प्यावं, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. माझी सासू एरवी चहात दूध टाकतानाही हात आखडायची. पण प्रत्येक गोळीवर तिनं मला म्हशीचं पेलाभर दूध दिलं, सायीसकट. मायेनं दिलं असं मी म्हणणार नाही. रानात तण माजलं होतं, खुरपायला माणूस पाहिजे होतं.

गोळ्या सरल्या, ताप सरला नाही. भिंत धरून उठायची पाळी आली. शेजारीण मला ऐकू जाईल अशी बोलली, "झरीला माझी भाची हाय. लय धडधाकट."

"ही अजून मेली न्हाई," सासू म्हणाली. "तुझी भाची झाकून ठेव."

पण त्याच संध्याकाळी तिनं मालकांना सांगितलं, "हिला माहेरी सोडू." आजारी बाई माहेरी गेली की तिला परत न्यायला सहसा कुणी येत नसे. त्या गडबडीत एसट्या बंद होत्या म्हणून तेवढी राहिले. त्या सुरू झाल्या तसं सासूनं माझ्या लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि आम्ही तिघं निघालो. माहेर राणीसावरगावचं, गाडी पालमला बदलायची. तिथं उतरल्यावर मालक अडून बसले, एकदा डॉक्टरांना दाखवूच.

डॉक्टर छाती तपासून चिडले. "गोळ्या खाल्ल्या का फेकल्या?"

"माझ्या डोळ्यादेखत खाल्ल्या, डाक्टरसाब," सासू म्हणाली. "वरून दूध पाजलंय. घरच्या म्हशीचं!"

"दर गोळीला?"

"मग! गरम न्हाई का पडत?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मी सांगायला पाहिजे होतं. मावशी, दुधात चुना असतो. तो ह्या गोळीला पोटातच धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. दुसऱ्या औषधांचं वेगळं. हिच्या आगंमागं दोन तास दूध नको."

सासू म्हणाली, "म्हंजी मासळीवर दूध पिल्यागत?"

"तसंच समजा."

मी चौथी शिकलेली. पोट म्हणजे पोतं, टाकावं ते मावतं, एवढंच मला ठाऊक. आणि त्या अंधारात दूध गोळीला ओळखतं, धरतं, सोडत नाही; मला पत्ताही नाही! देवळात हात जोडताना मला कधी एवढं नवल वाटलं नाही.

गाठोडं आल्या वाटेनं घरी आलं. गोळ्या त्याच, फक्त पाण्याबरोबर. काही दिवसांतच एका सकाळी गोधडी घामानं भिजली आणि अंग गार लागलं. मी खोल श्वास घेऊन पाहिला. कळ आली नाही. पुन्हा घेतला. मी राहणार होते.

सासूनं मात्र गोळ्या पुढच्या खोलीत ठेवल्या आणि दुधाचं पातेलं पार मागं चुलीपाशी. दोघांची नजरानजर नको. मी गोळी घेतल्याशिवाय ती धार काढायला बसेना. कास भरून म्हैस हंबरायची आणि गोठ्यातून हाळी यायची,

"गिळली का गं? म्हस तटायलीय!"

"गिळली!"

मग बादलीत पहिली धार वाजायची.