राहीच्या वरातीची टायरं

आमच्या कराडात टायरवाले पुष्कळ, पण धुळासारखा भित्रा टायरवाला मी दुसरा पाहिला नाही. माझं सायकलचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, तेव्हा हे मी अधिकारानं सांगतो. चाकात हवा भरताना तो तोंड फिरवायचा. गिऱ्हाईक निघालं की "बेतानं जावा" म्हणायचा आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडे बघत उभा राहायचा. माणूस मूळचा कवठे महांकाळकडचा, मेंढरांमागं हिंडलेला. त्याचा थोरला भाऊ ट्रकवर क्लीनर होता. जुनं टायर फुटून तो ट्रक ओढ्यात पडला आणि भाऊ गेला. तेव्हापासून जुन्या रबराला धुळा सापासारखा भ्यायचा. नव्या टायरलाही तो सुखासुखी सोडत नसे. बिरोबाचा भंडारा पाण्यात कालवून टायरच्या कडेला पिवळा पट्टा ओढायचा, मगच गाडी जाऊ द्यायचा. आम्ही यावरून त्याची भरपूर टर उडवायचो.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, राहीचं लग्न ठरलं, पाटणच्या वरच्या अंगाला. त्याच सुमारास हंबीररावांच्या डोक्यात गाडी शिरली. हंबीरराव म्हणजे आमच्या दुकानांच्या जागेचे मालक. ऊसवाले, फौजेत जीप चालवून आलेले, मनानं मोकळे आणि हौसेला आंधळे. पुण्याच्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून त्यांनी शर्यतीची जुनी विलायती गाडी आणली. दोनच सीटा, वर टप नाही. मासिकातलं चित्र बघून त्यांनी लोहाराकडून कमानीचे पाटे ठोकून सरळ करून घेतले आणि गाडी चांगली दोन इंच खाली बसवली. दिसायला झकास, पण तिच्या पोटाखालून मांजर जाईना.

"धुळा, राहीची वरात ह्याच गाडीतनं!" त्यांनी जाहीर करून टाकलं. "तू फक्त टायरं बदल."

मूळ मापाची टायरं मिळता मिळेनात. मुंबईहून चार आली, मापाला बरोबर, पण गोदामात पडून पडून अंगभर बारीक भेगा पडलेली. दुसरी होती अँबॅसॅडरची, कोरी करकरीत. रिमवर ती बसत होती, पण रुंदीला आणि उंचीला जास्त. धुळा दोन्ही समोर ठेवून कितीतरी वेळ बसला.

"माजी पोरगी बसनार हाय ह्यात," तो मला म्हणाला. एका भेगेत त्यानं नख घातलं आणि हात झटकन मागे घेतला.

कोरी टायरं चढली. हंबीरराव स्टेअरिंगवर बसले. धुळानं टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघितली, बोटं सहज फिरली. त्याच्या जिवात जीव आला. चूक झाली ती इथंच. मोजली त्यानं मोकळी गाडी, आणि आपल्याकडे वरातीची गाडी मोकळी कधी जाते?

लग्न लागलं. एका सीटवर नवरानवरी दाटीवाटीनं बसली, चालवायला हंबीरराव, मागच्या फळीवर दोन करवल्या. डिकीत रुखवताची पितळी भांडी. त्यांना जागा हवी म्हणून स्टेपनीसुद्धा घरी काढून ठेवलेली. मारुतीचं दर्शन घेऊन गाडी परत मांडवाशी आली, राहीची आई भामाबाई ओटी भरायला उभी होती म्हणून. तेवढ्यात धुळा मागच्या चाकाशी वाकला.

टायरच्या कडेचा पिवळा पट्टा पुसला गेला होता. त्यानं मडगार्डच्या आत हात घातला. बोटं बाहेर आली ती पिवळी, आणि त्या पिवळ्यात रबराचा काळा भुगा. देवळापर्यंतच्या चार खड्ड्यांत हे झालं होतं. पुढे पाटणचा रस्ता, त्याची वळणं आणि एका अंगाला कोयना. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मालक, जरा थांबा. टायर घासतंय वो."

"आता आनि काय?" हंबीरराव हसले. "तुला बैलगाडीचं बी भ्या वाटतंय, लेका!"

सगळा मांडव हसला. बिचारा आयुष्यभर भीतच आला होता, आज त्याच्या भीतीवर कोण विश्वास ठेवणार? आणि बसलेली नवरी बापानंच खाली उतरवली, तर सासरचे त्याला अपशकुन म्हणणार. तो बोल पोरीला जन्मभर पुरला असता. भामाबाईनं ओटी भरली. वाजंत्री जोरात वाजू लागली. हंबीररावांनी गाडी सुरू केली.

धुळा चाकापुढे गुडघ्यावर बसला. लोकांना वाटलं, पाया पडतोय. मी जवळ होतो, मला वाजंत्रीतही फुस्स ऐकू आलं. हवा कोंडून धरणारी वॉलची पिन त्यानं काढली होती. गाडी एका अंगानं खाली बसली.

"टायरवाल्याच्याच घरात पंक्चर!" कुणीतरी ओरडलं. हंबीररावांचा चेहरा रागानं लाल झाला, सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. धुळा मान खाली घालून सगळ्यांचं ऐकत राहिला. शेवटी नवरानवरीला वऱ्हाडाच्या ट्रकात पुढे बसवायचं ठरलं. पंक्चर कुणाला चुकलंय, म्हणून अपशकुनाचं नाव कुणी काढलं नाही.

राही बापाच्या पाया पडायला आली. ती टायरांतच लहानाची मोठी झालेली. तिनं त्याची आवळलेली मूठ बघितली.

"आबा, पंक्चर झाली का तुमी केलीसा?"

तिनं त्याची बोटं सोडवली. पिवळ्या तळव्यावर पिन होती. तिनं घाईघाईनं मूठ परत मिटवली आणि तिला रडू कोसळलं.

"ट्रकाची टायरं बी तुमीच घातल्यात न्हवं?" ती डोळे पुसत म्हणाली. "मग आता भिऊ नगासा."

ट्रक सुटला. "बेतानं जावा रं!" म्हणत धुळा मागं चार पावलं धावला. मी हसलो नाही. ट्रक केव्हाच दिसेनासा झाला, तरी तो रस्त्याकडे बघत तिथंच उभा होता. मी त्याला घरी चल म्हणालो. त्याच्या हातातली पिन घ्यायला गेलो, तर मूठ उघडेना.