हनुवटीपासून वर

इकडे उत्तरेत, सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडजवळ माझे केस कापणारा माणूस एके काळी मुंबईत भुताखेतांच्या मालिकांसाठी काम करायचा. पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या नटाच्या तोंडावर तो केस चिकटवायचा. हनुवटीपासून वर, एकेक बट, चार तास. दुकानातल्या टीव्हीवर कॉम्प्युटरने केलेला लांडगा दिसला, की त्याची कात्री थांबते. "हवा चल रही है जी, और बाल हिल ही नहीं रहे," एवढंच म्हणतो, तेही हळू आवाजात.

आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मला असाच लांडगा व्हायचं होतं. त्याला सांगितलं, तर त्याने माझी हनुवटी उजेडाकडे वळवून नीट पाहिली. "उस दिन सुबह आ जाना, डॉक्टर साब."

चार तास कोण बसणार? मी ऑनलाइन रबरी मुखवटा मागवला. नाटक झालं, लोक हसले.

पुढच्या वेळी गेलो, तर त्याने खणातून एक पुडी काढली. माझेच कापलेले केस धुऊन, काळे-पांढरे वेगळे करून ठेवले होते. "अपने ही बाल असली लगते हैं. नाटक कब है?"

नाटक रद्द झालं, असं मी सांगून टाकलं.

"कोई नहीं जी, अगले साल." त्याने मलाच धीर दिला आणि पुडी जपून परत ठेवली.

आता दर महिन्याला झाडू मारण्याआधी तो वाकून माझे केस वेचतो. खरं सांगायचं ठरवूनच मी गेलेला असतो. पण तो पुडी उघडतो, आणि मीच विचारतो, "अजून किती लागतील?"