हेकाटी म्हणजे दूरची

बारावीत असताना माझ्या मुलीने मोबाईलवरच्या खेळात स्वतःचं नाव ‘हेकाटी’ ठेवलं. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे असलं काही कानावर आलं की घरातही माझा तास सुरू होतो. हेकाटी ही प्राचीन ग्रीकांची जादूची देवी. नावाचा नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही, पण बरेच जण ‘दूरची, दूरवरून काम साधणारी’ असा लावतात. लोक अमावास्येला तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवत आणि मागे न बघता घरी परतत.

“म्हणजे आपली आजी ठेवते तो उताराच की!” पोरगी म्हणाली. मी नाक मुरडलं.

पुढच्याच महिन्यात तिला टायफॉइड झाला. भिवंडीच्या दवाखान्यात अकरा दिवस झाले तरी ताप उतरेना. डॉक्टर आमच्याशी बोलताना नजर चुकवायला लागले. मी कपडे न्यायला दिघाशीला घरी आले, तर सासूबाईंनी द्रोणात उतारा तयार ठेवला होता. भात, अंडं, लिंबू, वर हळदकुंकू. नात दवाखान्यात, म्हणून तिच्या ओढणीवरून ओवाळला होता.

“तूच ने. आईनंच न्यायचा,” त्या म्हणाल्या. “तिठ्याव ठेव नि सरळ ये. मागं बगायचा न्हाय. कोनी हाक मारली तरी न्हाय.”

एरवी मी कडाकडा भांडले असते. त्या दिवशी भांडायची हिंमत नव्हती.

तिन्हीसांजेला पडघ्याच्या वाटेवरच्या तिठ्यावर द्रोण ठेवला. पलीकडे गोदामांचे दिवे लागले होते. रस्त्यावर कधी नव्हे तो एकही ट्रक नव्हता, कुत्रंसुद्धा नव्हतं. मी वळले, दहा पावलं चालले असेन, आणि मागून हाक आली.

“मम्मी, थांब ना.”

तापाने घोगरा झालेला तिचा आवाज. मग पुन्हा, आणखी जवळून, रडवेला. “मम्मी, मला एकटीला सोडून नको ना जाऊ.” मी पाय थांबू दिले नाहीत.

घरात शिरते तोच दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. तिला दरदरून घाम फुटला होता, ताप उतरत होता. मी श्रेय औषधाला दिलं, सासूबाईंनी द्रोणाला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

चार दिवसांनी खाटेवर बसवून तिच्या केसांचा गुंता सोडवत होते, तेव्हा ती म्हणाली, “त्या संध्याकाळी मी तुला किती हाका मारल्या, मम्मी. तू रस्त्याने पाठमोरी चालली होतीस. वळूनसुद्धा बघितलं नाहीस.”

“तापात भास होतात गं,” मी म्हटलं. हातातला कंगवा थांबला होता.

तिच्यापुढे हे मी कधीच कबूल केलेलं नाही. ती हाक तिचीच आहे, याबद्दल मला तेव्हा क्षणभरही शंका नव्हती. माझं पोर मागे उभं राहून रडतंय हे मला कळत होतं, आणि मी चालत राहिले.