सरकीच्या पेंडीचं पोतं

परमुलखात जाताना काय सोबत घ्यावं आणि काय घेऊ नये, हे सांगणारी माणसं त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानाच्या ओट्यावर रोज बसायची. त्यातल्या एकानंही परभणीच्या पुढचं गाव पाहिलेलं नव्हतं. पण सल्ला द्यायला गाव कशाला पाहावं लागतं?

परमुलूख म्हणजे काही विलायत नव्हे, पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड. आमच्या ताडकळसहून बैलगाडीनं चार मुक्कामांवर. पण नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं हिंदुस्थानचं, दोघांचं फाटलेलं. आजूबाजूची गावं लुटली जात होती. ज्यांना जमलं ते कधीच निघून गेले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत दुकान सोडवत नाही म्हणून अडून बसले. मग शेजारच्या गल्लीतलं एक दुकान भरदिवसा जळालं आणि आमच्या घरी बांधाबांध सुरू झाली.

ओट्यावरची शहाणी मंडळी म्हणाली, लग्नाला चाललोय म्हणून सांगा. धान्य नेऊ नका, नाक्यावर उतरवून घेतात. हाली शिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, तिकडं चालत नाही. सोनं-चांदी तर हद्दीपार न्यायचीच नाही, सापडली तर माणूसही अडकतो. आप्पांनी सगळं ऐकलं. त्यामुळं आम्ही लग्नाला निघालो खरे, पण मायच्या अंगावर काचेच्या बांगड्यांखेरीज काही नाही. असलं भिकार वऱ्हाड मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

अडचण होती ती गळ्यातल्या लिंगाची. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते आयुष्यभर अंगावर राहतं आणि शेवटी माणसासोबतच मातीत जातं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा. मायनं हे कधी चुकवलं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा नाही. आमची चौघांचीही लिंगं चांदीच्या डबीत होती, अगदी माझ्या तान्ह्या भावाचंही.

"डब्या ऱ्हाऊ द्या हितंच," माय म्हणाली. "लिंग चिंधीत बांधून गळ्यात घालते."

"गळ्यात दोरा दिसला की हात घालत्यात," आप्पा म्हणाले. "परक्या मानसानं तुझ्या गळ्याला हात लावलेला चालंल का तुला?"

आप्पांनाही भीती होतीच, खोटी नव्हती. पण चांदीही सोडवत नव्हती, हे मी आज स्पष्ट म्हणते. वाणी माणूस, घर सोडलं तरी वजन-माप सुटत नाही. त्यांनी बैलांसाठी घेतलेल्या सरकीच्या पेंडीच्या पोत्यात मधोमध डब्या ठेवल्या, वरून पेंड भरली आणि दाभणानं तोंड शिवलं. बैलांचं खाणं कोण तपासतो? धान्य नको म्हणाले होते, पेंडीचं कुणी बोललं नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर आप्पा खूश होते.

माय गळा चाचपत गाडीत बसली. सगळ्या वाटेत तिचा हात तिथंच होता. सकाळी मुक्काम हलायच्या आधी ती अंघोळ करायची, पोत्याजवळ बसायची, पोत्यावर डावा हात ठेवून डोळे मिटायची आणि मग दोन घोट पाणी प्यायची. आप्पा तेवढ्या वेळात बैलांकडं जायचे, पाठ करून उभे राहायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना मायचं हे पाहवत नाही.

नाका नदीच्या अलीकडं होता. बांबू आडवा टाकलेला आणि बाभळीखाली बाज. बाजेवर एक उतारवयाचा शिपाई, घामानं चिंब झालेला. त्यानं आमच्या कुणाच्या गळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मायला तर त्यानं "बैठो अम्मा, उतरो नको" म्हटलं. वळकटी दाबून पाहिली, भांडी वाजवून पाहिली. मग त्याचा हात पोत्यावर गेला.

"ये क्या है?"

"पेंड हाय साहेब. बैलाला."

"सरकी का माल उधर नै जाता. हुकुम है." त्यानं दुसऱ्या शिपायाला हाक मारली आणि दोघांनी पोतं उतरवलं. "बैलां कू उधर चारा मिल जाता, फिकीर नको करो."

इतक्या साध्या आवाजात बोलला तो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माय अर्धी उठली, तिनं तोंड उघडलं. आप्पांनी तिचं मनगट धरलं. चांदी आहे म्हणून सांगावं तर सगळेच अडकणार, गाडीत दोन लेकरं. माय बसली. बांबू वर गेला आणि आमची गाडी उतारावरून गुडघाभर पाण्यात शिरली. मी मागं वळून पाहिलं. पोतं बाभळीला टेकवून ठेवलं होतं आणि शिपाई पुन्हा बाजेवर जाऊन बसला होता.

पलीकडच्या काठावर लोक जमिनीला डोकं टेकवत होते, सुटलो म्हणून रडत होते. आप्पा ओंजळीनं नदीचं पाणी प्यायले, त्यांनी मलाही पाजलं. मायपुढं तांब्या धरला. तिनं मान हलवली.

"लेकरांना दोष न्हाई," ती म्हणाली. "मला नगं."

वऱ्हाडातल्या पहिल्याच गावात शाळेच्या पडवीत आम्हाला जागा मिळाली. आमच्यासारखी आणखी घरं तिथं होती. गावच्या बायका भाकरी आणि कांदा आणून देत. माय भिंतीला टेकून बसलेली. ऊन असं की पत्रा कडकड वाजायचा. संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ झाली, तिनं चूळसुद्धा भरली नाही. तिचे ओठ फुटले. तान्हा छातीला लुचायचा, काही येत नाही म्हणून किंचाळायचा, पुन्हा लुचायचा. एका बाईनं त्याला आपल्या अंगावर पाजलं, पण तिला स्वतःचं लेकरू होतं. ती तरी किती पाजणार?

आप्पांनी समजावलं, रागावले, हात जोडले. "अगं, संकटात सगळं माफ अस्तंय."

"मी कुटं कुनाला दोष द्यायलेय," माय पुटपुटायची. "रिकाम्या गळ्यानं पानी उतरत न्हाई, त्याला मी काय करू?"

आमचा जंगम, म्हणजे लिंग देणारा गुरू, आला असता तर नवं लिंग बांधून मोकळं केलं असतं. वाशीमकडं एक स्वामी आहेत असं कळल्यावर आप्पा उन्हात चालत गेले. मी मायजवळ बसून फडकं भिजवायची आणि तिच्या कपाळावर ठेवायची. तेही ती ओठांपासून दूर सारायची. मला तिचा इतका राग आला होता की मी तिला म्हणाले, "मरायचं हाय का तुला? मग आमाला कामून आनलंस हितं?" तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त. मला भीती वाटली, कारण तिची नजर माझ्यावर ठरत नव्हती.

आप्पा तिसऱ्या दिवशी दुपारी एकटेच परत आले. स्वामी पुढं निघून गेले होते, कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांचे पाय फोडांनी भरलेले. ते मायपुढं बसले. तिनं डोळे उघडले नाहीत. तान्ह्याचं रडणं एव्हाना कण्हण्यासारखं झालं होतं.

मग आप्पांनी धोतराच्या कडेला हात घातला, कमरेला बांधलेली एक चिंधी सोडली आणि तळहातावर उलगडली. आत त्यांचं लिंग होतं. डबी नव्हती, नुसतं लिंग.

"हे घे," ते म्हणाले. "माजं घे. पूजा कर. पन पानी पी, तुझ्या पाया पडतो."

मायनं डोळे उघडले. आधी तिला कळलंच नाही. मग तिनं त्यांच्या हाताकडं पाहिलं, चिंधीकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"म्हंजे तुमचं तुमच्यापाशी व्हतं," ती म्हणाली.

"पोतं शिवायच्या येळंला माजा धीर सुटला," आप्पा म्हणाले. "गळ्यातनं काढलं, पन अंगावेगळं करवंना."

माय भिंतीचा आधार घेऊन सरळ बसली, हात लांब करून माझ्याजवळचा तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. पूजा नाही, अंघोळ नाही, डोळे मिटणं नाही. घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं, ठसका लागला, तरी प्यायली. तांब्या रिकामा झाल्यावर मला म्हणाली, "आनिक आन." मी धावत विहिरीकडं गेले. मला इतका आनंद झाला होता की वाटेत मी रडले. माझी माय जगणार होती, मला दुसरं काही समजत नव्हतं.

मी परत आले तेव्हा आप्पांचा हात अजून तसाच पुढं होता. मायनं दुसरा तांब्याही संपवला, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तान्ह्याला पदराखाली घेतलं. मग त्यांच्याकडं न बघता म्हणाली,

"बांधून ठिवा ते. हरवंल."

आप्पा खाली मान घालून चिंधीची गाठ मारायला लागले. ती काही केल्या बसेना.