अंतरपटाला कात्री

नेगेवच्या वाळवंटात, आमच्या गावापासून बसने थोडं पुढे, मोशेने देवासाठी उभारलेल्या तंबूची, निवासमंडपाची, प्रतिकृती उभी आहे. तिथे मी तिकीट खिडकीवर बसते. मसऊदा ओहायोन तिथला कपडा सांभाळायची. सांभाळायची कसली, बराचसा तिनेच घडवला होता. अ‍ॅटलासच्या डोंगरातून ती लहानपणी इकडे आली, आमच्या कापड गिरणीत तिचे केस पिकले, आणि गिरणी बंद पडली त्या दिवशी साहेबाच्या सात पिढ्या उद्धरून ती बाहेर पडली. तोंडाची एवढी फटकळ, की गावचा खाटीक तिला वजनात हाडं घालायला घाबरायचा. मी तिला लल्ला म्हणायची. आम्हा तिकडून आलेल्या ज्यू लोकांत वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात.

मंडपातल्या परमपवित्र जागेपुढचा अंतरपट तिने दोन हिवाळे खपून केला. निळं, जांभळं, किरमिजी सूत, आणि त्यावर पंख पसरलेले करूब देवदूत. नवरा गेला तेव्हा चारचौघांत न रडलेली ही बाई, पडदा टांगला त्या दिवशी हमसून रडली.

येणारे बहुतेक ख्रिस्ती यात्रेकरू. त्यांना या मंडपात जिथे तिथे येशू दिसतो. दार म्हणजे तो, दीपवृक्षाचा उजेड म्हणजे तो, मेजावरची भाकर तो, किरमिजी धागा म्हणजे त्याचं रक्त. मसऊदाची त्याला ना नव्हती. "दिसू दे की. माझ्या सुतात कुणाला देव दिसला तर माझं काय जातंय?" म्हणायची.

मग तेल अवीवहून गोनेन नावाचा नवा मॅनेजर आला. येशूने प्राण सोडला तेव्हा यरुशलेमच्या मंदिराचा अंतरपट वरपासून खालपर्यंत फाटला, असं यात्रेकरूंच्या शास्त्रात आहे. हे त्याने कुठून तरी ऐकलं, आणि झालं! दीडशहाण्याचं डोकं चाललं.

"मसऊदा, पडदा मधोमध काप आणि वेल्क्रो लाव. गाईडने खूण केली की मागून ओढायचा. चर्रर्र! लोक वेडे होतील."

"तुझी पँट काप मधोमध. तेव्हाही होतील."

"अगं, खोटा मंडप आहे हा! मी रब्बींना, एवढ्या मोठ्या धर्मगुरूंना, विचारलंय. प्रतिकृतीला पावित्र्य नसतं म्हणाले."

"रब्बींची बोटं सोलली होती का त्यात?"

त्या आठवड्यात ब्राझीलचा एक जथा आला होता. त्यांचा पाद्री यरुशलेममध्ये शिकलेला, आमची भाषा बोलायचा. भला माणूस. त्याच्या कानावर हे भांडण गेलं, तेव्हा तो तिच्यापाशी येऊन म्हणाला, "आजी, आमच्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पडदा फाटला, म्हणजे देवापाशी जायला कुणालाच आडकाठी उरली नाही."

"मग आनंद करा ना, बाळा. त्याला कात्री कशाला लागते?"

तो मान खाली घालून गेला. गोनेनला मात्र एवढीही लाज नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर आलो तर पडदा कापलेला! मेल्याने स्वतःच्या हाताने कापला होता, तोही वाकडा. एका करूबाचा पंख तुटला होता आणि दुसऱ्याच्या तोंडातून कात्री गेली होती. कडेला वेल्क्रो डिंकाने चिकटवलेलं. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मसऊदाने जमिनीवर पडलेले धागे एकेक करून वेचले आणि खिशात घातले. मला तिच्या शिव्यांची सवय होती, त्या वेचण्याची मला भीती वाटली.

जथा आत आला. गाईडने हात वर केला. गोनेनने मागून ओढलं. चर्रर्र! बायका ओक्साबोक्शी रडू लागल्या, काहींनी हात आकाशाकडे उचलले. तेवढ्यात मसऊदा पुढे आली, ताठ उभी राहिली, गळ्याजवळ दोन्ही मुठींनी झगा धरला आणि टर्रकन फाडला. आमच्यात घरचं माणूस गेलं की असं उभं राहून अंगावरचा कपडा फाडतात. मग तिने मयताच्या वेळचे शब्द मोठ्याने म्हटले, "खरा न्याय करणारा धन्य असो."

मग टाळ्या पडल्या. टाळ्या! मोबाइल वर झाले. पाद्री तेवढा "थांबा, थांबा" म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतंय?

गोनेन धावत आला, चेहरा फुललेला. "मसऊदा, कमाल केलीस! हे रोज करायचं. झगे मी आणून देतो."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिडी लावली, कड्या सोडवल्या आणि दोन्ही तुकडे खाली उतरवले. ओझं तिला एकटीला पेलेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. नोकरी गेली तर गेली. आम्ही लोकांमधून दाराकडे निघालो, तसा गोनेन किंचाळला, "अगं, मालमत्ता आहे ती! पोलिसांत देईन! चोरी आहे ही!"

"जा, सांग," मसऊदा म्हणाली. "कापलास तू, आणि प्रेत आम्ही उचललं म्हणून सांग."