नवा इंडिकेटर जुना करून हवा

अख्ख्या लखनौ शहरात वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा एकच माणूस होता आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. बाकीच्या शहराला नियम माहीत तरी आहेत की नाहीत याची मला अजून शंका आहे. पण वरच्या काकांच्या बाबतीत ते स्नानसंध्येसारखे होते. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, डांबर पायाला चिकटत असताना, काका वळणापाशी मोटरसायकल हळू करत, उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ आडवा धरत आणि मगच वळत. इंडिकेटर होते, चालायचेही. पण "दिवा उन्हात दिसत नाही, हात दिसतो," असं त्यांचं म्हणणं. तो हात निशातगंजच्या बाजारात सगळ्यांना दिसायचा आणि कुणालाच समजायचा नाही. ओळखीचे दुकानदार उलट हात वर करून सलाम करायचे. मोटरसायकलवर बसलेल्या माणसापुढे रिक्षा थांबवून "कहाँ चलेंगे, अंकल?" असं विचारणारा ई-रिक्षावाला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं आमच्या घरात म्हटलं जायचं.

काका मूळचे सांगलीचे. आंब्यावर पडणाऱ्या किडींचे शास्त्रज्ञ म्हणून इथल्या एका संशोधन संस्थेत आले आणि निवृत्त होऊनही परत गेले नाहीत. मलिहाबादच्या बागा त्यांनी याच निळ्या मोटरसायकलवरून उभ्याआडव्या तुडवल्या होत्या. आंबा पाहून तोंडाला पाणी सुटणं हा त्यांच्या मते अडाणीपणा होता. मी कौतुकाने दशहरी नेऊन द्यावा, तर ते खिशातलं भिंग काढत, देठापासून तळापर्यंत फळ फिरवून बघत आणि म्हणत, "पिवळा दिसला म्हणून हुरळू नकोस. आत कोण राहतं ते आधी बघावं." तोवर माझी आंबा खायची इच्छा मेलेली असे. हॉर्न त्यांनी जन्मात वाजवला नसेल. "भुंकायचं कशाला? आपल्यालाच दिसतंय ना पुढे कोण आहे ते?" ज्या शहरात हॉर्न न वाजवणारा माणूस अस्तित्वातच नसतो, तिथे ते असे मुके फिरत.

आणि त्यांचा एक लाडका सिद्धान्त होता. अपघात होत नसतो, तो होऊ दिला जातो. ज्याला धडक बसते तोही निम्मा गुन्हेगार. हजरतगंजात एका टेंपोने माझी स्कूटर पाडली, मी गुडघा फोडून लंगडत घरी आले, तेव्हा जिन्यात भेटलेल्या काकांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "टेंपो तिथे होता हे ठीक, पण तू तिथे का होतीस?" मी चिडकी आहे. पंधरवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग मीच गेले, कारण या शहरात मोठ्या आवाजात मराठीत बोलावं असं दुसरं माणूस मला नव्हतं.

मोठा आवाज हे शब्दशः. लखनौच्या लोकांविषयी काकांची जुनी तक्रार होती की हे लोक गालात पान धरून बोलतात, शब्द बाहेर येतच नाहीत. पुढेपुढे तक्रार वाढली. बँकेतली मुलगी पुटपुटते, टीव्हीवर बातम्या देणारा पुटपुटतो, सांगलीहून फोन करणारी सख्खी बहीणसुद्धा पुटपुटायला लागली. "पाण्याचा गुण," काका म्हणायचे. सांगलीला इथलं पाणी कसं पोचलं, हे मी कधी विचारलं नाही.

काकू गेल्या आणि घर एकदम ओकंबोकं झालं. मुलगा बंगळुरूला. लखनौत वाढल्यामुळे त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीत. त्याने वडिलांना घेऊन जायचा हट्ट धरला. काका जाईनात. शेवटी तह झाला, तो आमच्याच देखत. "ठीक है पापा, रहो यहाँ," मुलगा म्हणाला, "लेकिन जिस दिन इस गाड़ी पर एक भी खरोंच आई ना, गाड़ी उसी दिन बिकेगी और आप मेरे साथ चलोगे।" काका ताठ्याने म्हणाले, "ओरखडा? माझ्या गाडीला?" तिकडे कोणत्या तरी इमारतीच्या बाराव्या मजल्यावरची खोली त्यांची वाट बघत होती. त्या खोलीचं वर्णन ते मला कधीकधी करायचे. "खिडकी उघडत नाही तिची," एवढंच वर्णन असायचं.

जूनमधली एक संध्याकाळ. लूचे गरम वारे दिवसभर वाहून थकले होते, पण भिंती अजून तापलेल्या होत्या. काका म्हणाले, "निशातगंजला निघालोय, तुला सब्जी आणायची असेल तर बस मागे." त्यांनी गाडी अगदी कडेला, भाजीच्या गाड्यांच्या ओळीत लावली. स्वतः उतरले नाहीत. दोन्ही पाय टेकून वर बसून राहिले. गाडी बाजारात एकटी सोडायची नाही, असाही एक नियम होता. मी तुरईवरून भाजीवाल्याशी वाद घालत होते. पाठीमागे कुठल्याशा गाडीचा अलार्म पींपीं करत होता, मग गलका झाला, "अंकल, अंकल" असं कुणी ओरडलं आणि पाठोपाठ काहीतरी फुटलं. वळून बघते तर एक पांढरी कार रिव्हर्समध्ये येऊन टेकलेली, निळी मोटरसायकल आडवी आणि काका शेजारी उभे, कोपर धरून. मागचा एक इंडिकेटर फुटला होता, मडगार्ड चेपलं होतं आणि बाजूच्या पत्र्यावर हातभर ओरखडा होता.

कारमधून एक चष्मेवाला तरुण उतरला. फोन कानाला होता, तो उतरल्यावरही तिथेच राहिला होता, मग त्याच्याच लक्षात येऊन त्याने खिशात टाकला. "माफ़ कीजिएगा अंकल, फ़ोन पर था, पीछे देखा ही नहीं। चोट तो नहीं आई? जो बनवाई लगेगी, मैं दूँगा।" बाजार सरसावून उभा राहिला. मीही पदर खोचला. इतक्या वर्षांत मनासारखं भांडायची संधी प्रथमच चालून आली होती. आणि काका म्हणाले, "कुछ नहीं हुआ।"

"अंकल, इंडिकेटर टूट गया है," भाजीवाला म्हणाला.

"पहले से टूटा था।"

"अभी तो गिरा है। ये पड़ा है।"

काकांनी वाकून नारिंगी तुकडे वेचले आणि सदऱ्याच्या खिशात भरले. मग त्या तरुणाला बाजूला घेऊन, चक्क हात जोडून म्हणाले, "किसी को बताइएगा मत।" तो बिचारा धडक देताना घाबरला नव्हता तेवढा आता घाबरला. ज्याने ठोकलं त्याच्या पुढे, ज्याला ठोकलं तो गयावया करतो आहे, असं दृश्य निशातगंजने पाहिलं नसेल. लोक निराश होऊन आपापल्या गाड्यांकडे गेले. तो तरुण मात्र सभ्य होता. आम्ही निघालो तर तो कार घेऊन मागून हळूहळू आमच्या दारापर्यंत आला, म्हातारा नीट पोचतो की नाही ते बघायला. दुसरा दिवसभर काका हळहळत होते की याला घर कळलं.

कारण मुलगा येणार होता, त्याच आठवड्याच्या शेवटी, ऑफिसच्या कामासाठी, दोन दिवस.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेकॅनिकने गाडी उत्तम दुरुस्त केली आणि तीच पंचाईत झाली. मडगार्ड ठोकून सरळ, वर झकास निळा रंग, नवाकोरा इंडिकेटर. म्हाताऱ्या गाडीत तेवढाच भाग कवळीतल्या दातासारखा चमकायला लागला. काका गाडी घेऊन परत गेले. "भैया, इसको थोड़ा पुराना कर दीजिए।" मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. "अंकल, सब पुराने को नया कराने आते हैं। पुराना तो हमको करना ही नहीं आता।"

मग काकांनी स्वतःच प्रयोगशाळा मांडली. जिन्याखाली पाट घेऊन बसले. रंगावर बारीक पॉलिश पेपर, त्यावर पिठी माती, इंडिकेटरच्या काचेवर कोऱ्या चहाचा काढा. तो लावायला किडे उचलायचा मऊ कुंचला. कोपर सोललेलं होतं, तो हात धड वाकत नव्हता, पण मला हात लावू देईनात. मधूनमधून मान तिरकी करून विचारायचे, "डाव्यापेक्षा उजवा जरा तरुण दिसतो का गं?" मी हसत होते. पण घामाने चिंब झालेला तो माणूस एका ओरखड्यासाठी इतका धडपडताना बघून आतून मला फार वाईट वाटत होतं. ते गेले तर वरचा मजला रिकामा होईल, हेही मनात होतंच. माझं दुःख काही अगदी निःस्वार्थी नव्हतं.

मुलगा आला. काकांनी जूनच्या त्या काहिलीत पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, बटणं मनगटापर्यंत. मी भरली वांगी घेऊन वर गेले होते, तेवढ्यात दारात कोण उभं? तोच चष्मेवाला, दशहरीची पेटी घेऊन, तब्येत विचारायला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कौन है, पापा?" आतून मुलगा.

"हा माझा... विद्यार्थी."

तो तरुण हुशार निघाला. क्षणभर काकांकडे, क्षणभर माझ्याकडे बघितलं, पेटी खाली ठेवली आणि वाकून काकांच्या पायांना हात लावला. "सर ने ही सिखाया है," तो मुलाला म्हणाला, "कि आदमी को आगे-पीछे देख के चलना चाहिए।" काकांनी पेटीतला एक आंबा उचलला आणि भिंग न काढताच खायला घेतला.

परत जाताना जिन्यात त्या तरुणाने मला थांबवलं. "आंटी, एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा। ग़लती मेरी थी, मैंने देखा नहीं। मगर गाड़ी का बैक वाला अलार्म बज रहा था, सब्ज़ी वाले चिल्ला रहे थे, आपने भी सुना होगा। अंकल हटे क्यों नहीं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. बँकेतली मुलगी, टीव्हीवरचा माणूस, सांगलीची बहीण, कुणीच पुटपुटत नव्हतं. मी रोज त्यांच्याशी ओरडून बोलत होते आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मुलगा जिन्याखाली उतरला. गाडीभोवती फिरला, वाकला, पत्र्यावरून बोट फिरवलं. काका श्वास रोखून उभे. "मान गए, पापा," तो म्हणाला, "एक भी खरोंच नहीं। रहो, जब तक मन करे।" आणि गेला. काका जिंकले. मला वाटलं, आता हे गाडी काढून थेट मलिहाबादपर्यंत चक्कर मारून येतील.

पण गाडी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सोलापुरी चादर पांघरून ती जिन्याखाली उभी, आणि काका हातात पिशवी घेऊन कडेकडेने पायी बाजारात जाताना दिसायला लागले. शेवटी मला राहवेना. वर गेले, समोर बसले आणि मोठ्याने विचारलं, "काका, गाडी बिघडली का?"

"नाही. उत्तम चालते."

खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"त्या दिवशी त्या कारचा अलार्म वाजत होता," काका म्हणाले. "तुला ऐकू आला असेल."

मी मान हलवली.

"मला नाही आला. अलार्म नाही, लोक ओरडले तेही नाही. कार टेकली तेव्हाच कळलं. मी नुसता बसलो होतो म्हणून माझ्यापुरतं भागलं. चालवत असतो आणि समोर कुणाचं पोर आलं असतं तर?" त्यांनी कोपरावरची खपली चाचपली. "मुलाला कळलं असतं ना, तर तो नको म्हणाला असता. आणि मग मी चालवली असती. भांडून, रुसून, पण चालवली असती. आता नको म्हणणारं कुणी राहिलं नाही. मग ते मलाच म्हणावं लागतंय."

एवढं बोलून ते उठले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. या माणसाला नको म्हणणारं एखादं माणूस हवं आहे, एवढंच मला त्या वेळी कळलं. ते उसळतील, मला चार शब्द सुनावतील आणि किल्ली घेऊन तरातरा खाली उतरतील, अशी वेडी आशा धरून मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "मग मी म्हणते, काका. गाडी चालवायची नाही. अजिबात चालवायची नाही."

ते तसेच बाहेर बघत उभे राहिले. थोड्या वेळाने माझी आठवण झाल्यासारखे वळले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काही म्हणालीस का?"

"चहा टाकू का, म्हटलं," मी मोठ्याने म्हणाले.

"टाक," काका म्हणाले.